मण्यारीचा हंगाम

पोळा सरला की आमच्या अतिदक्षता विभागात एक हंगाम सुरू होतो. शेतकऱ्याचे हंगाम दोन, खरीप आणि रब्बी. हा आमचा तिसरा, आणि मी त्याला माझ्यापुरतं मण्यारीचा हंगाम म्हणते. सोयाबीन पिवळं पडू लागतं, शेताच्या धुऱ्यावरचं गवत कमरेला लागतं, कपाशीवरच्या फवारणीचा उग्र वास गावाच्या वेशीपर्यंत येतो. पाऊस येतो येतो म्हणतो आणि नुसती घामाची धार लावून जातो. रात्री खाटेवर उकडतं म्हणून माणसं खाली सतरंजी टाकतात, कारण फरशी गार लागते. मण्यारीलाही ती गारच लागते.

हा साप चावतो तेही धड चावल्यासारखं नाही. सूज नाही, आग नाही, कधी कधी दाताची खूणसुद्धा नाही. ज्याला चावला तो कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. मग काही तासांनी त्याच्या पापण्या खाली येतात आणि वर जात नाहीत.

यंदाचा हंगाम काल उघडला. गिरडकडचा एक तरुण आला. डोळे मिटलेले, अंग सैल, श्वास आमच्या मशीनवर. त्याचा बाप दारात हात जोडून उभा होता. माझी ओळख करून घेण्याआधीच तो म्हणाला, "मॅडम, घरी नेऊ द्या."

हे वाक्य मी दर वर्षी याच दिवसांत ऐकते. आणि दर वेळी मला त्या जंतुनाशकाच्या वासात मध्येच कोथिंबिरीचा वास येतो. उगाच येत नाही, त्याला कारण आहे.

आम्ही नाचणगावचे, भाजीपाल्यातले. विहिरीखालच्या तुकड्यात मेथी, पालक, वांगी आणि कोथिंबीर. पिकवायचे माझे बाबा आणि त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे मोठे बाबा. विकायचं काम मोठ्या आईचं. मोठ्या बाबांची बायको ती मोठी आई, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. पण मोठी आई ही मोठ्या आवाजाची आई असाच माझा लहानपणी समज होता. पुलगावच्या बाजारात तिने आरोळी दिली की चार दुकानं पलीकडचा कांदेवाला दचकायचा. स्टेशनवर गाडीची घोषणा आणि बाजारात मोठ्या आईची कोथिंबीर एकाच वेळी सुरू झाली, तर लोक कोथिंबीर घेतात आणि गाडी चुकवतात, असं बाबा सांगायचे. तिच्याजवळ बसून मी पाचवीपासून जुड्या बांधल्या. ओल्या कोथिंबिरीचा तो वास बोटांना असा बसायचा की शाळेत वहीची पानंही हिरवी वाटायची.

त्या वर्षी मी नुकती एमबीबीएस होऊन घरी आले होते. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेत नंबर चांगला लागला होता आणि आता शाखा निवडायची होती. म्हणजे कागदोपत्री मी निवडायची होती. घरादाराने ती कधीच निवडून ठेवली होती. त्वचारोग. रात्रीअपरात्री उठवायला कोणी येत नाही, रोगी मरत नाही, पोरीच्या जातीला बरं. मोठ्या आईने तर पुलगावात बाजारासमोरचा गाळासुद्धा हेरून ठेवला होता. "पिंके, पाटी अशी लावजो का मले बसल्या जागून दिसली पाह्यजे," ती म्हणायची. गिऱ्हाइकाला ती आताच सांगायला लागली होती, की आमची पिंकी तोंडावरचे डाग काढते. मी तोवर कोणाचा एकही डाग काढला नव्हता. पण मलाही ते सारं बरं वाटत होतं. गाळा, पाटी, समोर मोठी आई, संध्याकाळी दोघींनी मिळून घरी जायचं. यात वाईट काय होतं?

आणि मग एका सकाळी बाबांचा बाजारातून फोन आला. "पिंके, तुई मोठी आई ओरडून नाई राह्यली."

मी हसले. मोठी आई ओरडत नाही म्हणून डॉक्टरला फोन करणारा माणूस जगात माझा बापच. पण तो हसत नव्हता. "गिऱ्हाइक पुढे उभं हाय आन् ते डोये मिटून राह्यली. झोप येऊन राह्यली म्हन्ते."

मी स्कूटर काढली. बाजारात मोठी आई पोत्याला टेकून बसली होती, हातात अर्धी बांधलेली जुडी. कपाळावर आठ्या घालून, भुवया वर ओढून ती पापण्या उचलायचा प्रयत्न करत होती आणि पापण्या उचलत नव्हत्या. "काई नाई वं, झोप झाली नाई," ती म्हणाली, ते नाकातून. पाणी दिलं तर ते गिळता येईना. काही चावलं का, मी विचारलं, आणि शेजारी उभे मोठे बाबा अगदी निर्धास्तपणे म्हणाले, "पहाटे पायाले काईतरी टोचलं म्हने. पन निंब कडू लागला ना!"

ही आमच्याकडची चाचणी आहे, आणि ती गावोगाव चालते. काही चावल्याचा संशय आला की आधी कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. पाला कडू लागला तर विष नाही. गोड लागला, नाहीतर चवच कळली नाही, तर विष आहे, मग धावाधाव. त्या पहाटे मोठ्या बाबांनी अंगणातल्या निंबाचा पाला तोडला, मोठ्या आईने चावला, थू थू केलं, आणि निकाल लागला. घरात शिकलेली डॉक्टर झोपलेली होती, पण निंबाने निकाल दिल्यावर तिला कशाला उठवायचं? मोठी आई उठली, तोंड धुतलं, कोथिंबीर उपटली आणि बाजाराला गेली.

निंबावर माझा राग नाही. मण्यारीचं विष जिभेच्या चवीला हातच लावत नाही. ते नसा आणि स्नायू यांच्यातलं बोलणं बंद करतं. आधी पापण्या, मग घसा, मग छाती. जीभ बिचारी शेवटपर्यंत कडू ते कडूच सांगते. निंब खरंच बोलला होता. त्याला विचारायचा प्रश्न तेवढा चुकला होता. पुढे मी गावोगाव हेच समजावत फिरले. निंबाला नावं ठेवली की लोक कान बंद करतात, आणि असं सांगितलं की ऐकतात, हे मला लवकर कळलं.

पुलगावच्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरचं औषध सुरू झालं, पण तोवर तिची छाती दमत चालली होती. तिथल्या डॉक्टरांनी श्वासनळीत नळी घातली आणि वर्ध्याला न्यायला ॲम्ब्युलन्स दिली. नळीला एक रबरी फुगा जोडलेला असतो. तो हाताने दाबला की हवा आत, सोडला की बाहेर. तो माझ्या हातात आला. देवळीवरून वर्ध्यापर्यंत मी तो दाबत गेले. बाहेर लख्ख ऊन होतं, दोन्ही बाजूंना कपाशी, मध्येच कोणी पाठीवर पंप घेऊन फवारणी करताना दिसायचं. गाडीला खड्डा लागला की मोठे बाबा देवाचं नाव घ्यायचे आणि मी फुग्यावरची बोटं घट्ट करायची. पुलगावच्या बाजाराला दणाणून सोडणारी बाई, तिचा एकेक श्वास माझ्या पंज्याएवढा झाला होता.

मला भीती वाटली का? लोक अजून विचारतात. फुगा दाबायला लागले त्या क्षणापासून नाही वाटली. दाबायचं, सोडायचं, छाती उठते का पाहायचं, ओठांचा रंग पाहायचा. इतकं स्वच्छ डोकं मला परीक्षेतही कधी मिळालं नव्हतं. घरचं माणूस असं पडलेलं असताना आपण आपल्या जागेवर आलो असं वाटलं, हे बोलायला विचित्र आहे. पण वाटलं ते वाटलं. तो गाळा आणि ती पाटी देवळीच्या आसपास कुठेतरी मागे राहिली असावी.

वर्ध्याच्या मोठ्या रुग्णालयात मोठी आई मशीनवर गेली. दुसऱ्या दिवशी ती पूर्ण निश्चल झाली. पापणी नाही, हाताचं बोट नाही, काही नाही. बाहुल्यासुद्धा उजेडाला हलेनात. अशा माणसाकडे पाहून अननुभवी डॉक्टरही फसतो, मग घरच्यांची काय कथा. आमच्याकडे मशीनवर टाकलं याचा अर्थ संपलं असाच घेतात, फक्त कोणी तोंडाने बोलायचं यावर खोळंबा असतो. तो खोळंबा मोठ्या आईच्या भावाने संपवला. हा माझा मामा तळेगाव श्यामजी पंतचा. घरातला कर्ता, मोठ्या मनाचा, आणि बहिणीवर जीव असलेला माणूस. त्याने बिछान्याशी उभं राहून डोळे पुसले आणि म्हणाला, "आता तिचे हाल नोका करू. घरच्या जमिनीवर जाऊ द्या तिले. मी गाडी पाह्यली हाये." मोठे बाबा भिंतीला धरून खाली बसले आणि त्यांनी होकारार्थी मान हलवली.

या इच्छेला मी कधी हसत नाही. माणसाने आपल्या घरात, आपल्या माणसांत, तोंडात पाण्याचा थेंब पडून जावं, यात चुकीचं काही नाही. माझी माणसं निर्दयी नव्हती. तिच्यावर त्यांचा जीव होता म्हणून ती माणसं गाडी पाहत होती. फक्त मोठी आई मरत नव्हती. विष उतरेपर्यंत मशीनने श्वास घ्यायचा, एवढंच काम होतं. आणि ती आतून पूर्ण जागी होती. नळी काढून गाडीत घातली असती तर घरापर्यंतही पोचली नसती. सगळ्यांचं रडणं ऐकत, एकही शब्द न बोलता, वाटेतच गुदमरून गेली असती. हे सगळं मी मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "पोरी, तू अजून लहान हाय. जीव तुटून राह्यला तुया, म्हून तुले असं वाटते."

विभागाच्या मुख्य मॅडम शेजारीच होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "सगळ्यात शेवटी बारीक स्नायू जातात. पायाचं बोट बघ." मी पांघरूण वर केलं. दोन्ही पायांत चांदीची जोडवी तशीच होती. मी तिच्या कानाशी वाकले.

"मोठे आई, मी पिंकी. आयकू येत असंल तर पायाचं बोट हालव."

काही झालं नाही. मशीन श्वास देत राहिलं. माझ्या मागे मामाने सुस्कारा टाकला. आणि मग उजव्या पायाचं जोडव्याचं बोट हललं. अगदी एवढंसं, मेथीचं पान वाऱ्याने हलावं तेवढं.

"हे मशीनचं हालनं हाये," मामा म्हणाला.

"मंग तुमीच विचारा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. मोठ्या आईचाच आवाज तो, माझ्या घशातून आलेला. "मी नाई बोलत. तुमी विचारा."

मामा वाकला. म्हणाला, "अक्का, मी आलो." बोट हललं. मामा तिथेच, तिच्या पायाशी, जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी रडले नाही. मी कधी नव्हे एवढी खूश होते. गाडी परत गेली.

विष आपल्या चालीने उतरलं. आधी कपाळाला आठ्या आल्या, मग पापण्या थरथरल्या, मग एक डोळा उघडला आणि त्याने सगळ्यांची हजेरी घेतली. नळी निघाली त्या दिवशी आम्ही सारे बिछान्याभोवती उभे. घसा खरवडलेला, आवाज खोल विहिरीतून यावा तसा. तिने मोठ्या बाबांकडे पाहिलं आणि पहिला शब्द काढला, "खर्रा सोडला का?"

मोठे बाबा पांढरे पडले. तंबाखू-सुपारीचा तो खर्रा त्यांच्या गालात तीस वर्षं मुक्कामाला होता. तिच्या बिछान्याशी एकटे बसून त्यांनी कबूल केलं होतं, तू उठ, मी उद्यापासून सोडतो. बेशुद्ध बायकोला दिलेलं वचन कोण मोजतो, असं त्यांना वाटलं असणार. मग ती मामाकडे वळली. "तू गाडी पाह्यली होती ना रे मायासाठी? एसीवाली पाह्यली का साधी?" आम्ही हसलो, मामाही हसला, आणि हसता हसता तो बाहेर निघून गेला.

मग माझी पाळी. मला वाटलं, आता तरी कौतुक होईल. ती म्हणाली, "सारे येत अन् रडत. तू येत अन् बोट हालव, बोट हालव. एकानं तरी मले कोथिंबिरीचा भाव सांगतला काय? चांगला चढला होता अन् मी पडली!"

त्या आठवड्यात मी शाखा निवडली. त्वचारोग नाही. आधी मेडिसिन, मग अतिदक्षता. घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. मोठी आई अंगणात सुपात मेथी निवडत होती, तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "पाटी?"

"पाटी नाई लागत तिथं."

"मंग लोकाइले कसं समजन का तू डॉक्टर हाय?"

याचं उत्तर मला आजही देता येत नाही. माझे रोगी मला ओळखत नाहीत. ते माझ्याकडे येतात तेव्हा शुद्धीत नसतात, आणि शुद्धीत आले की मी त्यांना दुसऱ्या वॉर्डात पाठवते. वर्ध्याच्या बाजारात ते मला धक्का मारून पुढे जातात. मला त्यांच्या गळ्यावर श्वासासाठी पाडलेल्या छिद्राची जुनी खूण दिसते आणि मी त्यांना वाट देते. आधी खटकायचं. आता मला यात एक मजा वाटते.

पुढची वर्षं मोठ्या शहरात गेली. मशीनं शिकले, औषधं शिकले. रोग्याला सलाईन किती द्यायचं हे शिकताना मात्र मला पुस्तकापेक्षा बाबांची मेथी उपयोगी पडली. तहानली तर सुकते आणि जास्त पाजलं तर मुळातून सडते, रोज वाफ्यात बोट घालून पाहावं लागतं. हरलेही पुष्कळ. काही बिछान्यांशी बोट हलत नाही, कितीही हाका मारल्या तरी. तेव्हा घरी नेऊ या असं मीच म्हणते, आणि कोणी हात जोडायच्या आत म्हणते. पण मण्यारीच्या रोग्यासाठी मी दारात आडवी उभी राहते. मोठी संस्था सोडून परत वर्ध्याला का आलीस, असं तिकडचे मित्र विचारतात. पोळ्यानंतर मला दुसरीकडे करमत नाही, असं मी सांगते. त्यांना वाटतं मी थट्टा करते.

तर गिरडकडचा बाप. काल त्याला सारं समजावलं. आज दुपारी पोराच्या कानाशी वाकून पायाचं बोट हलवायला सांगितलं. अंगठा हलला. बापाने पाहिलं, आणि मान खाली घालून म्हणाला, "मशीननं हालून राह्यलं ते, मॅडम." इतक्या वर्षांनी तेच वाक्य. मी वाद घातला नाही. मी मोठ्या आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

मागे बाजाराचा गलबला होता. ती म्हातारी झाली आहे, पण दुकान सोडत नाही. काय झालं ते मी दोन वाक्यांत सांगितलं.

"दादा," ती बापाला म्हणाली, आणि सगळा विभाग दचकला, "मी पुलगावची भाजीवाली. मीबी अशीच पडली होती. माया भावानं मले घरी न्याले गाडी पाह्यली होती. थेबी मले आयकू आलं."

बाप फोनच्या जवळ सरकला.

"अंदर होती ना मी," मोठी आई म्हणाली. या वेळी आवाज खाली आला. "सारं समजे. फक्त सांगता नाई ये. तुहं पोरगं अंदर हाये, दादा. त्याले एकटं नोको ठेवू. बोल त्याच्याशी."

"काय बोलू, बाई?"

"काईबी. वावरातलं बोल."

बाप बिछान्याजवळ गेला. काय करावं कळेना म्हणून त्याने आधी टोपी काढून हातात घेतली. मग पोराकडे न पाहता, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला, "हळदीले पानी देलं म्या." त्याने टोपीची घडी घातली. "तू म्हनत होता ना ठिबक लावू म्हून... मी नाई म्हनत होतो. लावू. तू उठ, लावू आपन."

फोनमधून मोठी आई म्हणाली, "सांभाळून बोलजो, दादा. त्यानं आयकलं हाये. आता लावाच लागन."

पांघरुणाबाहेरचा अंगठा हलला. बाप त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिला, आणि या वेळी त्याने मशीनचं नाव घेतलं नाही.